जरा रव गो: गणपतीच्या धावपळीत भानावर राहणं

प्रश्न असा आला आहे: "मी डोंबिवलीला असते, सासर मालवण तालुक्यात. घरचा गणपती सात दिवसांचा आणि मी मोठी सून. वर्षभर या सात दिवसांची वाट बघते, पण परतीच्या गाडीत बसलं की जाणवतं, सण कधी आला नि कधी गेला कळलंच नाही. गेल्या वर्षी विसर्जनानंतर फोटो बघताना लक्षात आलं की मूर्तीचा चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता. त्या दिवशी खूप रडले. ध्यानाचं एक अ‍ॅप घेतलं होतं, रोज दहा मिनिटं बसायचं ठरवलं होतं, ते तिसऱ्या दिवशीच सुटलं. एवढ्या गर्दीत मन ताळ्यावर ठेवायचं तरी कसं?"

ताई, गेली तेवीस वर्षं मी सिंधुदुर्गात समुपदेशनाचं काम करते आणि अशाच एका भरल्या घरची सूनही आहे. गणपती गेले की पितृपक्षात माझ्याकडे बायकांची रांग लागते. कुणाचं डोकं दुखत असतं, कुणाला झोप नसते, कुणी म्हणते, "काही झालं नाही हो, पण काही करावंसंच वाटत नाही." त्यातल्या बहुतेकींना आजार नसतो. त्या आठ-दहा दिवस धावलेल्या असतात आणि धावणं थांबल्यावर शरीराने हिशेब मागितलेला असतो. म्हणून तुमचा चेहऱ्याचा प्रश्न मला किरकोळ वाटला नाही. ज्याच्यासाठी पाचशेच्या आसपास किलोमीटर जायचं, त्याच्याकडेच बघायचं राहून गेलं, याचं दुःख खरं आहे.

आधी अ‍ॅपचं सांगते, म्हणजे मनातली अपराधी भावना जाईल. आज 'माइंडफुलनेस' या नावाने जे शिकवतात, त्याचा दवाखान्यातला अभ्यासक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी तो होता. आठ आठवडे चालायचा आणि घरी रोज पाऊण तास सराव करावा लागायचा. मूळ कल्पना अर्थात आपल्याकडचीच आहे. पाली भाषेत तिला 'सति' म्हणतात, म्हणजे स्मृती, भान. आठ आठवड्यांत मुरणारी ही गोष्ट तुम्ही घरात पंचवीस माणसं, चुलीवर तीन भांडी आणि दारात भजनी मंडळ असताना पहिल्यांदा करायला गेलात. पुरात उतरून कुणी पोहायला शिकत नाही. श्रावणापासून रोज दहा मिनिटं डोंबिवलीच्या घरी बसलात तर त्याचा उपयोग भाद्रपदात नक्की होईल, ते जरूर करा. पण सणाच्या दिवसांत वेगळी जागा आणि वेगळी वेळ शोधू नका. ती मिळत नाही, आणि मिळाली नाही म्हणून मन आणखी खट्टू होतं.

आमच्या मालवणीत एक शब्द आहे, 'रव'. घाईने निघालेल्या पोरीला आजी म्हणते, "जरा रव गो," म्हणजे थांब. आणि परक्या गावात कुणी विचारतं, "खंय रवतंस?" म्हणजे राहतेस कुठे. थांबणं आणि राहणं, दोन्हींना एकच शब्द. मी सणातल्या सजगतेबद्दल जे काही शिकवते ते या शब्दात मावतं. जिथे क्षणभर थांबत नाही तिथे आपण राहिलेलो नसतो, नुसते येऊन गेलेले असतो. आणि आपल्या सणात असे थांबे आधीपासूनच आहेत, जुन्या माणसांनी रचून ठेवलेले. आपण ते उरकत सुटलो आहोत.

पण त्या थांब्यांकडे वळण्याआधी एक कठीण गोष्ट बोलायलाच हवी. ती टाळून दिलेला सल्ला मला खोटा वाटतो.

ज्या घरात दोन बायका पंचवीस माणसांचं रांधतात, वाढतात, घासतात आणि बाकीचे पडवीत पत्ते खेळतात, तिथे त्या बायकांना "श्वासाकडे लक्ष द्या" म्हणणं हा अन्याय आहे. दमलेल्या बाईच्या अंगावर आणखी एक काम टाकल्यासारखं ते होतं. मी आता माझ्याकडे आलेल्या प्रत्येकीला पहिला प्रश्न विचारते तो कामाचा: किती माणसं, किती हात, कोण काय करतं. गौरीचंच बघा. ती माहेरपणाला येते असं आपण म्हणतो. तेरड्याची गौर पाणवठ्यावरून वाजतगाजत आणायची, दुसऱ्या दिवशी तिचं पूजन, कित्येक घरांत तिला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्य, वडे-सागोती, पाहुणे, माहेरवाशिणी. देवी विसाव्याला आली म्हणून घरातल्या बायकांचा विसावा जातो. हे धर्माने सांगितलेलं नाही, आपल्या सवयीने झालेलं आहे, आणि सवय बदलता येते.

तुम्ही मोठी सून आहात, म्हणजे तुमच्या शब्दाला वजन आहे. ते गावात पोचल्यावर वापरायचं नाही, तिथे सगळे पाहुणे होऊन बसतात. निघण्याआधी वापरा. गाडीचं आरक्षण आता ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं). त्या सकाळी घरातले सगळे मोबाईल घेऊन जागे असतात. तिकिटं हातात आली की त्याच दिवशी, त्याच माणसांबरोबर कामांचा कागद करा. दीर, नणंदा, जावा, कॉलेजातली मुलं, सगळ्यांची नावं त्यावर आली पाहिजेत. भांडी कुणाकडे, पाण्याची पिंपं कुणाकडे, भजनी मंडळींचा चहा आणि उसळ कुणाकडे, रोजची फुलं-दुर्वा कुणाकडे. "मदत करा" असं मोघम म्हणाल तर कुणीच करणार नाही. "भाऊजी, रात्रीची भांडी सातही दिवस तुमची आणि मुलांची" असं म्हणाल तर पहिल्या वर्षी कुरकूर होईल, दुसऱ्या वर्षी ती रीत होईल. आमच्या घरी झाली. माझे सासरे भांड्यांना हात लावायचे नाहीत. ते सत्तरीनंतर नारळ खवायला बसू लागले आणि त्यांना ते इतकं आवडलं की खवणीवर दुसऱ्या कुणाला बसू देईनात.

या कागदाचा आणखी एक उपयोग आहे, तो मनाच्या बाजूने. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंना १९२७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रयोगांत दिसलं की अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवत राहतात. स्वयंपाकघरात उभं असताना "वाती वळल्या का, गुरुजींना फोन केला का, काळे वाटाणे भिजत घातले का" हे जे डोक्यात फिरत असतं, ते तेच. काम झालं नसलं तरी ते कोण, कधी करणार हे पक्कं ठरलं की मन त्याचा पिच्छा सोडतं. म्हणून कागद भिंतीवर लावा. डोक्यात ठेवू नका.

आणि तो कागद लिहिताना प्रत्येक कामापुढे स्वतःला विचारा: हे देवासाठी, माणसांसाठी की दाखवण्यासाठी? पहिल्या दोघांना हात लावू नका. तिसरं निम्मं कापा. पाच गोडाच्या पदार्थांऐवजी दोन. चकचकीत मखराऐवजी माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळा-पानांनी सजवलेली चौकट. २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा "आता सजावट कशी करायची" म्हणून हळहळणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याच माळ्यावर पणजोबांच्या वेळची माटवीची लाकडी चौकट धूळ खात पडलेली होती. ती चौकट खाली उतरवा. कवंडळं, हरणं, कांगलं, सुपारीचे घोस, नारळाची पेंड (घोस), तवसं, आंब्याचे टाळ. हे आणायला रानात आणि परसात जावं लागतं, मुलांना बरोबर न्यावं लागतं, कुठली वेल कुठे आहे हे म्हाताऱ्या माणसाला विचारावं लागतं. दुकानातून आणलेली सजावट एका तासात लागते आणि रानातला तो सबंध दिवस मात्र हुकतो.

आता थांब्यांकडे येते.

पहिला थांबा गाव लागताच येतो आणि तोच सगळे चुकवतात. रात्रभर पेण-माणगावच्या कोंडीत, नाहीतर रेल्वेच्या डब्यात अवघडून बसून आपण पोचतो. कुलूप काढतो, बंद घराचा तो कुबट, ओल्या मातीचा वास येतो, आणि पाठीवरची बॅग खाली ठेवायच्या आधी हातात केरसुणी येते. पूर्वी उन्हातान्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी मिळायचं. पाय धुवायचे, ओटीवर टेकायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचं. कुणी काही विचारायचं नाही. ते जिभेचे लाड नव्हते. प्रवासातून आलेलं शरीर उतरायला जो वेळ लागतो तेवढा वेळ त्याला दिला जायचा. तुम्ही हे परत सुरू करा. कितीही उशीर झाला असला, कितीही जाळी लागलेली असली तरी पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी पडवीत बसायचं. गूळ विरघळेपर्यंत तोंड बंद. समोर भाताचा मळा असेल, या दिवसांत त्याला फुलोरा आलेला असतो, आणि बांधावर तेरडा. बघत बसा. मन हळूहळू तुमच्या मागून चालत येईल. शरीर गाडीने आलेलं असतं, मनाला थोडा उशीर होतो.

दुसरा थांबा मोदकांचा, आणि याबद्दल मला भरपूर बोलायचं आहे, कारण ध्यान म्हणजे काय हे मला कुठल्या शिबिरात कळलं नाही तेवढं उकडीच्या परातीपुढे कळलं.

उकड कढत असताना मळावी लागते. गार झाली की पारीला चिरा पडतात. तेला-पाण्याचा हात घेऊन ती तळव्याच्या टाचेखाली दाबायची, चटका सोसेल इतपतच. त्यात गुठळी राहिली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, फक्त तळव्याला लागते. म्हणजे लक्ष तळव्यातच हवं. मग लिंबाएवढा गोळा घ्यायचा, अंगठे आत आणि बोटं बाहेर, फिरवत फिरवत वाटी करायची. कडा पातळ, तळ जरा जाड. आणि मग कळ्या. अंगठा आणि दोन बोटांत कड धरून चिमटा, जरा सरकून पुन्हा चिमटा, जवळजवळ. इथे घाई केली तर मोदक तुम्हाला लगेच सांगतो. कळी फाटते, सारण डोकावतं, आणि वाफेत तो उलतो. जगातली फार थोडी कामं इतक्या प्रामाणिकपणे सांगतात की आता तू इथे नाहीस.

मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोन संशोधकांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना दिवसातून अवचित फोनवर विचारणा करून पाहिलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, बरं वाटतंय का. जागेपणीच्या जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि ते भरकटलेलं असताना माणसं कमी सुखी होती. म्हणजे काम कंटाळवाणं असलं तरी त्यात असलेलं मन तुलनेने बरं असतं. मला हे वाचून आमच्या मोठ्या काकूंची आठवण झाली. त्या मोदक वळताना कुणाशी बोलायच्या नाहीत. रागीट म्हणून नव्हे. विचारलं तर म्हणायच्या, "एकवीस झाले की बोलते." नैवेद्याचे एकवीस मोदक गप्प राहून, बाकीचे गप्पा मारत. आमच्या घरात आजही तसंच चालतं आणि मी तुम्हालाही हेच सांगेन. पहिले एकवीस मोदक न बोलता वळा. मन जाईलच, जाऊबाईंच्या बोलण्याकडे, मुलाच्या परीक्षेकडे, उरलेल्या भाजीकडे. गेलं की रागवायचं नाही, पुढच्या कळीवर आणून ठेवायचं. अंदाजे अर्धा तास होतो. तुमचं अ‍ॅप दहाच मिनिटं मागत होतं.

ज्यांच्या वाट्याला मोदक नसतील त्यांनी दुसरं काम धरावं. दुर्वांच्या जुड्या बांधणं, वाती वळणं, ऋषीपंचमीच्या भाजीसाठी अळूच्या देठांची सालं काढणं. एकच अट, हातात एकच काम आणि कानाला फोन नाही.

तिसरा थांबा आरतीचा. आपण दीर्घ श्वास म्हणतो तेव्हा सगळं लक्ष श्वास घेण्याकडे असतं. खरं काम सोडताना होतं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. उच्छ्वास लांबला की शरीराला विश्रांतीचा निरोप जातो. २००१ मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि एक तिबेटी मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला (एरवी मोठ्या माणसाचा बारा ते वीस असतो) आणि हृदय व रक्तदाबाच्या लयी एकमेकींशी जुळल्या. मंत्र कुठल्या धर्माचा याला महत्त्व नव्हतं. ओळ एका श्वासात संथपणे म्हणण्याला होतं.

आता आपली आरती आठवा. लहानपणी ती कशी म्हणायचे? पेटीवर, लांबवत, शेवटचं अक्षर घरभर घुमेपर्यंत. आज बहुतेक घरांत ती पळवतात, कारण पुढच्या घरी जायचंय. वाडीतल्या दहा घरांत जायचंय हे मलाही कळतं. म्हणून सगळ्या आरत्या संथ म्हणा असं मी म्हणत नाही. रोज रात्री आपल्या घरची पहिली आरती तेवढी जुन्या चालीत, एका ओळीला एक श्वास असं ठरवा. घरातल्या वयस्कर माणसाने उचलायची, बाकीच्यांनी मागून. आणि या वेळी एकही फोन हातात नको. आमच्या माजघरात एक कोनाडा आहे, त्यात सगळे फोन जातात. एका पुतण्याला फक्त पहिल्या दिवशी चित्रीकरणाची मुभा असते. तुम्ही लिहिलंय की फोटोंमुळे कळलं काय झालं ते. फोटो नक्की असावेत, पण ते काढणारा माणूस ठरलेला असावा, म्हणजे बाकीच्यांचे हात टाळ्यांना मोकळे राहतात.

चौथा थांबा माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा, गाऱ्हाणं. पूजा झाल्यावर घरातला कर्ता माणूस हात जोडून उभा राहतो आणि मोठ्याने देवाला सांगतो: बा महाराजा, अमुक मुलगा नोकरीला लागू दे, तमक्याचं दुखणं जाऊ दे, काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाल. आणि प्रत्येक वाक्यावर सगळं घर म्हणतं, "व्हय म्हाराजा!" मी समुपदेशनात जे तास तास खर्चून करू बघते ते इथे पाच मिनिटांत होतं. मनातली काळजी शब्दांत येते, चारचौघांत येते, आणि चारचौघं तिला हो म्हणतात. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसलं होतं की भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या भीती-धोक्याशी संबंधित भागाची, अमिग्डालाची, खळबळ कमी होते. गाऱ्हाणं घालणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे वाचायची गरज नव्हती.

यात एक उणीव आहे. गाऱ्हाणं पुरुष घालतात. बाईची काळजी त्यात क्वचितच येते. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या बायकांना रोजचं खासगी गाऱ्हाणं घालायला सांगते. पहाटे घर जागं व्हायच्या आत समईत तेल घालायला जाल तेव्हा मूर्तीपुढे दोन मिनिटं बसायचं आणि ओठांतल्या ओठांत खरं ते सांगायचं. छान छान नाही, खरं. "महाराजा, आज कंबर दुखतेय. काल सासूबाई सगळ्यांसमोर बोलल्या ते लागलंय. आज तिखटाचा नैवेद्य आहे, धास्ती वाटतेय. आईची आठवण येतेय." मागणं काही मागायचं नाही, फक्त जे आहे ते नाव घेऊन सांगायचं. आणि प्रत्येक वाक्यानंतर आपणच आपल्याला, "व्हय महाराजा." माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी पाच दिवस हे केलं आणि नंतर मला म्हणाल्या, "राग होता तेवढाच होता, पण तो माझ्या हातात होता." एवढं झालं तरी पुष्कळ.

हे बोलताना मला तुम्ही डोळ्यांपुढे दिसताय. पहाटेची वेळ, समईचा उजेड, आणि समोर तो चेहरा. तुमचं हुकलेलं बघणं इथेच होऊ शकतं.

भांडणांचं थोडक्यात. सगळी भावकी वर्षातून एकदाच एका छपराखाली येते, म्हणून सातबारा, सामाईक घराची दुरुस्ती, पुढच्या वर्षी गणपतीची पाळी कुणाची, हे विषय याच दिवसांत निघतात. विषय निघाला आणि अंग तापायला लागलं की आधी तळपाय जमिनीला टेकलेत का ते बघा. जमीन गार आहे, शेणाने सारवलेली की लादी, ते जाणवू द्या. तेवढ्यात पहिलं वाक्य गिळलं जातं. मग म्हणा, "हे विसर्जनानंतर, सगळ्यांनी बसून." पण मग खरंच बसा. गिळून टाकलेला विषय वर्षभर पोटात कुजतो आणि पुढच्या चतुर्थीला अधिक वासाचा होऊन बाहेर येतो.

झोपेच्या बाबतीत मी कडक आहे. भजनं रात्री दोन-दोनपर्यंत चालतात, शेजारच्या वाडीत डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना असतो, फुगड्या रंगतात. जागरण सणाचा जीव आहे, त्याला नाही म्हणू नका. पण सलग दोन रात्री जागू नका. एक रात्र भजन, दुसऱ्या रात्री दहाला आडवं. न झोपलेल्या माणसाला भान शिकवता येत नाही, मी अनेकदा प्रयत्न करून पाहिला आहे.

आणि काही घरांत सण येतो पण एक माणूस कमी असतं. सुतक फिटून वर्ष झालेलं असतं, मूर्ती नेहमीसारखी येते, आणि ज्याने दरवर्षी गाऱ्हाणं घातलं त्याची जागा रिकामी दिसते. अशा घरातल्या माणसाला "क्षणात राहा" म्हणू नये. त्या क्षणात दुःखच आहे. त्याच्याजवळ बसावं, त्याला एखादं हातकाम द्यावं, गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं. नाव घ्यायला लोक घाबरतात, मात्र ते ऐकायला मिळालं नाही की दुःख जास्त एकटं पडतं. कुणाला दोन आठवड्यांहून जास्त झोप नसेल, अन्न जात नसेल, जगणं नको वाटत असेल, छातीत धडधडून घाम सुटत असेल, तर श्वासाच्या युक्त्यांवर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं.

परतीचं एवढंच सांगते की विसर्जनाच्या रात्रीची गाडी धरू नका. पाण्यावरून पाट परत येतो, त्यावर तळातली चिमूटभर वाळू असते, तो रिकाम्या जागी ठेवून आरती होते, आणि घर एकदम मोठं वाटायला लागतं. त्या पोकळीत एक रात्र झोपा. दुसऱ्या दिवशी उरलेल्या भाताची पेज करा, माटवी उतरवा, दारं लावा आणि मग निघा. सुट्टी पुरत नसेल तर जाताना एक दिवस उशिरा जा, पण येताना एक दिवस ठेवा.

आता तुमच्या त्या चेहऱ्यासाठी एक शेवटचं काम देते. तुमच्या घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, कोण नेऊन देतं मला माहीत नाही, बहुधा गावातले दीर. या वर्षी जमलं तर चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधी तुम्ही स्वतः त्या शाळेत जा. या दिवसांत तिथे डोळ्यांची आखणी चाललेली असते. मी दरवर्षी जाते. बाहेर पाऊस कोसळत असतो, आत ओल्या मातीचा आणि रंगाचा वास, भिंतीलगत ओळीने सगळे गणपती, अंगं रंगलेली, डोळे अजून कोरे. मूर्तिकार मूर्तीपुढे मांडी घालून बसतो. डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार देतो. बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवून पानावर टेकवून बघतो. मग सगळा श्वास सोडतो, आणि पुढचा श्वास घ्यायच्या आधी जी रिकामी जागा असते तेवढ्यात पापणीची रेघ ओढून मोकळा होतो. मी त्यांना एकदा विचारलं, एवढ्या गर्दीत, दारात माणसं ताटकळत असताना हात कसा हलत नाही? ते म्हणाले, "डोळो लिवताना बाकीचे गणपती माका दिसनतच नाय."

तिथे कोपऱ्यात बसा. तुमच्या पाटावरच्या मूर्तीचे डोळे उघडताना बघा. बोलू नका, फोटो काढू नका. मूर्ती घरी आली की तो चेहरा तुम्हाला ओळखीचा असेल.